पाळी, पोट आणि आठ तासांची ड्यूटी: कंपनीकडे नेमकं काय मागावं?

रानजाई
चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात मी क्वालिटीला आहे. लाइनवर आणि ऑफिसात मिळून साठेक बायका. बायकांच्या आरोग्यासाठी काय करता येईल ते लिहून द्या, असं व्यवस्थापनाने सांगितलं आणि ते काम माझ्याकडे आलं. पहिल्या बैठकीत सगळी चर्चा पाळीच्या रजेभोवतीच फिरली. रजा हवीच, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण महिन्यातला तो एक दिवस वगळून उरलेल्या दिवसांचं काय?

थायरॉइडची गोळी घेऊन पहाटेची बस पकडणारी आमच्यात आहे. पीसीओएससाठी (अंडाशयाशी संबंधित संप्रेरकांचा बिघाड) मेटफॉर्मिनची गोळी सुरू झाल्यापासून जेवण झालं की लगेच टॉयलेट गाठावं लागणारी आहे. पन्नाशीला आलेल्या एक ताई फर्नेसच्या बाजूला उभ्या असतात आणि त्यातच त्यांना अंगातून वाफा निघतात. यातली कुणीच रजेवर नाही, सगळ्या रोज कामावर येतात. पाळीबद्दल निदान भिंतीवर पोस्टर तरी लागायला लागलेत. ‘दोन दिवस पोट साफ झालं नाही, पोटात कळ येतेय’ हे सुपरवायझरला कोण सांगणार?

माझं म्हणणं असं: कारण न सांगता जागेवरून उठता आलं पाहिजे, जेवण वेळेवर मिळालं पाहिजे आणि टॉयलेट वापरण्यासारखं पाहिजे. बाकीचं त्यानंतर. तुमच्याकडे काय आहे, काय नाही, कशाने खरोखर फरक पडला ते लिहा. मसुदा पंधरा दिवसांत द्यायचाय.

अबोली
अगदी गरजेचा धागा. वाचतेय.

बेलापूरकर
मी बदलापूरहून रोज लोकलने जाते. ५.५० ची चुकली तर पुढचीत पाय ठेवायला जागा नसते, त्यामुळे घरात सगळं घड्याळावर. सकाळी शांतपणे टॉयलेटला बसायला वेळच मिळत नाही. गाडीत सोय नाही, स्टेशनवरचं बघवत नाही. ऑफिसला पोचेपर्यंत ती वेळ टळून गेलेली असते. आमच्या डब्यात निम्म्या बायकांच्या पर्समध्ये इसबगोल नाहीतर चूर्णाची डबी सापडेल. पाळीच्या आधीच्या आठवड्यात तर पोट नुसतं नगाऱ्यासारखं होतं. ऑफिसने अर्धा तास उशिरा यायची मुभा दिली तर माझं अर्धं आजारपण जाईल, असं मला मनापासून वाटतं.

स्टेथो
बेलापूरकर यांनी लिहिलंय त्यामागचं शरीरशास्त्र थोडक्यात सांगते, म्हणजे रानजाईंना मसुद्यात वापरता येईल.

बीज बाहेर पडल्यानंतर पाळी येईपर्यंतच्या दोन आठवड्यांत प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक वाढतं. त्याने आतड्याची हालचाल मंदावते, म्हणून पोट फुगणं आणि बद्धकोष्ठ. पाळी सुरू होताना गर्भाशयाच्या अस्तरातून प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं सुटतात. त्यांनी गर्भाशय आकुंचन पावतो, कळा येतात. शेजारच्या आतड्यावरही तोच परिणाम होतो, म्हणून पहिल्या दिवशी अनेकींना जुलाब होतात, मळमळतं. म्हणजे ‘पाळीचा त्रास’ आणि ‘पोटाचा त्रास’ ही दोन वेगळी खाती नाहीत. ज्यांना मुळात आयबीएस, म्हणजे आतड्याच्या हालचालीचा जुनाट त्रास, आहे त्यांचा त्रास या दिवसांत बळावतो, आणि आयबीएस बायकांमध्ये जास्त दिसतो.

थायरॉइड कमी असेल तर आतडं मंदावतंच. त्याची गोळी उपाशीपोटी, चहानाश्त्याच्या अर्धा ते एक तास आधी घ्यायची असते. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी तिच्यापासून चार तास लांब. लोहाची गोळी चहासोबत घेतली तर लोह नीट शोषलं जात नाही, आणि त्या गोळीने अनेकींना मलावरोध होतो. एनएफएचएस-५ या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय आहे. आता हे वेळापत्रक पहाटेच्या शिफ्टला बसवून बघा. कँटीनचा पहिला चहा कधी येतो यावर माझ्या पेशंटच्या गोळीचा परिणाम ठरतो.

मंदार_के
स्टेथो, प्रतिसाद जपून ठेवला. मी टीम लीड आहे, टीममध्ये पाच मुली. कुणी ‘बरं वाटत नाहीये’ म्हणालं की पुढे काय विचारावं कळत नाही. विचारलं तर भोचकपणा, नाही विचारलं तर बेफिकिरी. काय करावं?

चिंचपाणी
मंदार, काही विचारू नका. ‘घरी जायचंय की इथेच थोडं पडायचंय? काम मी बघतो’ एवढं बास. आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर ‘आता बरी आहेस ना?’ असं विचारू नका.

मंदार_के
हे शेवटचं मी नक्की केलं असतं. धन्यवाद!

तिसरी_घंटा
माझं मत वेगळं आहे, सगळ्यांना आवडेल असं नाही. सांगलीला माझं छोटं प्रिंटिंग युनिट आहे, बायंडिंगला सात बायका. दर महिन्याला प्रत्येकीला पगारी रजा सक्तीची झाली तर माझ्यासारखे लोक पुढच्या वेळी पुरुष ठेवतील. हे बरोबर आहे असं म्हणत नाही, पण होईल. जुलै २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानेही हा धोका बोलून दाखवला होता आणि धोरण सरकारने ठरवावं असं सांगितलं होतं. त्यामुळे रानजाईंचा रोख मला पटतो. टॉयलेट, जेवणाची वेळ, बसायला खुर्ची हे मी उद्या करू शकतो.

ओवी
तिसरी_घंटा, प्रामाणिकपणे लिहिलंत म्हणून प्रामाणिक उत्तर. हाच युक्तिवाद बाळंतपणाच्या रजेच्या वेळीही झाला होता. बिहारमध्ये सरकारी नोकरीतल्या बायकांना १९९२ पासून महिन्याला दोन दिवसांची विशेष रजा आहे. तिथे सरकार बंद पडलं नाही. केरळने २०२३ मध्ये विद्यापीठांतल्या मुलींना हजेरीत सूट दिली, ७५ ऐवजी ७३ टक्के. त्याच वर्षी स्पेनने कायदा केला. २०२५ मध्ये कर्नाटकने महिन्याला एक दिवस, वर्षाला बारा, खासगी नोकरीतही मान्य केले. झोमॅटो २०२० पासून वर्षाला दहा दिवस देते. सात बायकांच्या युनिटचा प्रश्न खरा आहे, पण त्यावर उपाय म्हणून रजेचा खर्च सरकारने वाटून घ्यावा अशी मागणी करू या. स्पेनमध्ये ती रजा सामाजिक सुरक्षेच्या पैशातून दिली जाते. बाईने दुखणं गिळावं हा उपाय कसा असेल?

तिसरी_घंटा
ओवी, स्पेनचा मुद्दा माहीत नव्हता. सरकार पैसे देणार असेल तर माझा विरोध मागे.

कावेरी_तोक्यो
जपानमधून. इथे पाळीची रजा १९४७ च्या कामगार कायद्यापासून आहे. माझ्या ऑफिसात ती कुणी घेतल्याचं मी पाहिलेलं नाही, आणि देशभरातही ती घेणाऱ्या फार कमी. कारणं तीच: बॉस पुरुष असतो, रजा पगारी असलीच पाहिजे असं बंधन नाही, आणि अर्जावर कारण स्पष्ट दिसतं. इथल्या मैत्रिणी सरळ वार्षिक रजा टाकतात. म्हणून मसुद्यात रजेचं नाव ‘आरोग्य रजा’ ठेवा, कारण लिहायची सक्ती नको.

गव्हाची_ओंबी
+१ कावेरी. आमच्या ऑफिसात एचआरने मोठ्या उत्साहाने ‘पीरियड लीव्ह’ सुरू केली आणि ती सगळ्यांना दिसणाऱ्या कॅलेंडरवर गुलाबी रंगात उमटायला लागली. दोन महिन्यांत ती घेणं सगळ्यांनी बंद केलं. मग एचआरचा निष्कर्ष: ‘मुलींना गरजच नाही.’

अबोली
गुलाबी रंगात!! हे कुणाच्या डोक्यातून आलं असेल!

डबलबेल
मी एसटीत कंडक्टर आहे. मुद्दाम लिहितेय, कारण इथे बहुतेक ऑफिसवाल्या ताई दिसतात.

लांबच्या फेरीला चार-चार तास उतरायला मिळत नाही. स्टँड आलं की आधी कंट्रोलरकडे नोंद, मग टॉयलेट. तिथे कडी नसते नाहीतर पाणी नसतं. म्हणून आम्ही सकाळी पाणीच पीत नाही. उन्हाळ्यात तिकिटं फाडताना डोळ्यांपुढे अंधारी येते, लघवीची जळजळ तर नेहमीचीच. पाळीत पॅड बदलायला जागा मिळेल की नाही याचा अंदाज घेऊन दोन-दोन लावून निघायचं. जेवण कधी अकराला, कधी साडेतीनला. मला अॅसिडिटी आहे असं सांगतात, गोळी देतात. गोळीचा डबा संपतो, फेरी तीच राहते.

रजा मिळाली तर हवीच आहे. पण प्रत्येक स्टँडवर आम्हा कर्मचारी बायकांसाठी कडीचं, पाण्याचं एक टॉयलेट आणि किल्ली आमच्याकडे, एवढं झालं तर मी पाणी पिऊन घरून निघेन.

स्टेथो
डबलबेल, तुमचा प्रतिसाद सगळ्यात महत्त्वाचा आहे. पाणी कमी पिणं आणि लघवी धरून ठेवणं यानेच मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग वारंवार होतो, आणि मलावरोधही त्यातूनच वाढतो. तुम्हाला सध्या जळजळ असेल तर नुसती अॅसिडिटीची गोळी घेऊन थांबू नका, लघवीची तपासणी करून घ्या.

सह्यकडा
मुंबईत २०११ पासून ‘राइट टू पी’ ही मोहीम चालली ती याच प्रश्नावर. पुरुषांना लघवीला पैसे पडत नाहीत आणि बायकांकडून मागतात, इथून सुरुवात होती. आणि केरळात कोळिकोडच्या कापड दुकानांतल्या विक्रेत्या बायकांनी ‘पेनकूट्टू’ ही संघटना बांधली. दिवसभर बसायला बंदी आणि टॉयलेटला जायची सोय नाही, हीच त्यांची तक्रार. २०१८ मध्ये केरळने कायद्यात बसण्याचा हक्क घातला, २०२१ मध्ये तमिळनाडूनेही. आपल्या लक्ष्मी रोडवर साडी उलगडून दाखवणाऱ्या मुली किती तास उभ्या असतात ते बघा एकदा.

पाटावरवंटा
अवांतर: बायका डबा धड खात नाहीत हेही आहे. साडेदहाला बिस्किट-चहा, एकला दोन घास, चारला वाढदिवसाचा समोसा-केक, मग रात्री पोटात आग. ज्वारीची भाकरी, पालेभाजी, वाटीभर ताक आणा. आमच्याकडे अजून तेच चालतं.

नाइटशिफ्ट
पाटावरवंटा, ताक मला चालत नाही, पोट फुगतं. आणि पहाटे पाच वाजता भाकरी कोण थापणार? घरातलं कुणी दुसरं थापत असेल तर आनंदाने आणेन. :)

पाटावरवंटा
नाइटशिफ्ट, रास्त मुद्दा. आमच्याकडे यजमान थापतात, रिटायर झाल्यापासून. गोल येत नाही, पण चव उत्तम.

अबोली
यजमानांचा स्वतंत्र धागा काढा, पाककृतीसह!

नाइटशिफ्ट
मी नर्स आहे. जेवणाबद्दल मूळ अडचण वेगळी आहे. वॉर्डमध्ये ठरलेली जेवणाची वेळ कागदावरच राहते, पेशंट सिरियस झाला की गेली. आणि दुखलं की उपाशीपोटी मेफेनॅमिक अॅसिडची वेदनाशामक गोळी टाकून उभं राहायचं, हे आम्ही नर्ससुद्धा करतो. पोटाला त्याचा त्रास होतोच. शिवाय २०२३ मध्ये इंडियन फार्माकोपिया कमिशन या सरकारी संस्थेने या औषधाबाबत इशाराही दिला होता: क्वचित गंभीर अॅलर्जी होते, पुरळ-ताप आला तर ताबडतोब बंद करून डॉक्टर गाठा. ही गोळी प्रथमोपचाराच्या पेटीतून शेंगदाण्यासारखी वाटली जाते. रानजाई, कारखान्याच्या पेटीतही असेल, बघा.

रात्रपाळीत पाळीचं चक्र आणि पोट दोन्हींचं गणित विस्कटतं. ड्यूटी ठरवताना एका आठवड्यात रात्र-सकाळ-रात्र अशी उलटापालट करू नये, एवढं तरी लिहा.

कृष्णाकमळ
मला एंडोमेट्रिओसिस आहे, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर गर्भाशयाबाहेर वाढतं. निदान व्हायला कित्येक वर्षं गेली. पाळीच्या दिवसांत शौचाला बसलं की जीव जाईल असं दुखायचं. घरी सांगितलं तर ‘गॅस’, कंपनीच्या डॉक्टरला सांगितलं तर ‘स्ट्रेस, पाणी जास्त प्या’. मीटिंगमध्ये टेबलाखाली नखं तळहातात रुतवून बसायचे मी, आणि अप्रेझलला ‘लक्ष नसतं’ अशी नोंद झाली. ती नोंद अजून फाइलमध्ये आहे.

आताची कंपनी वेगळी आहे. गरम पाण्याची पिशवी मिळते, एक छोटी खोली आहे, आतून कडी लागते. त्या दिवशी घरून काम करते. मला बारा महिने बारा रजा नको असतात, कधी तीन सलग लागतात, कधी एकही नाही. साचेबंद ‘महिन्याला एक’ माझ्यासाठी निरुपयोगी आहे. रजा साठवता आली पाहिजे, हे मसुद्यात घाला, प्लीज.

ओवी
कृष्णाकमळ, वाचून गलबललं. साठवता येणारी रजा हा मुद्दा मला सुचलाच नव्हता. खूप महत्त्वाचा.

स्टेथो
कृष्णाकमळ यांच्या निमित्ताने सगळ्यांसाठी: पाळीच्या दिवसांत शौचाला दुखणं, दरवेळी रजा पडेल इतकं दुखणं, शौचातून रक्त, कारण नसताना वजन उतरणं, रात्री झोपेतून उठवणारा पोटाचा त्रास, ही ‘गॅस’ म्हणून सोडायची लक्षणं नाहीत. पाळी गेल्यानंतर नव्याने सुरू झालेली आणि हटत नसलेली पोटफुगी तर नाहीच नाही, तिथे अंडाशयाची तपासणी व्हायला हवी.

जुनी_शाळा
मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे, वय ४९. पाळी जायच्या उंबरठ्यावरच्या बायकांबद्दल फारसं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. वर्गात फळ्यावर लिहिताना मानेपासून आग चढते, पदर घामाने भिजतो, मुलं विचारतात ‘बाई, ताप आलाय का?’ रक्तस्राव कधी येईल आणि किती येईल याचा भरवसा नाही. पोट कधी बांधलेलं, कधी सैल. झोप नाही, त्यामुळे चिडचिड, आणि चिडचिडीवर सहकारी हसतात. मुख्याध्यापकांना एकदा स्पष्ट सांगितलं की मला तळमजल्यावरचा, टॉयलेटजवळचा वर्ग द्या आणि सलग चार तास लावू नका. त्यांनी निमूट दिला. मागितल्यावर मिळतं कधीकधी. पण प्रत्येकीला मागता येत नाही, म्हणून ते नियमात असावं.

मंदार_के
ताई, तुमच्यामुळे आईचं मागच्या दोन वर्षांतलं वागणं आज समजलं. आज फोन करतो तिला.

गोदाकाठ
इथे कारखाने, ऑफिसं, शाळा आल्या. बीडच्या ऊसतोड बायकांचं नाव अजून कुणी घेतलं नाही. कोयत्यावर नवरा-बायको जोडीने जातात, मुकादमाकडून उचल घेतलेली असते, आणि एक दिवस काम चुकलं की खाडा, म्हणजे उलट दंड. फडात ना टॉयलेट, ना पाणी, ना आडोसा. पांढऱ्या पाण्याची तक्रार घेऊन गेलं की ‘पिशवी काढून टाका’. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणी झालेल्या ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली होती. बऱ्याच जणी तिशी-पस्तिशीच्या. बीजकोशही काढले असतील तर पाळी जाण्याचे सगळे त्रास तिशीतच अंगावर येतात, हाडं ठिसूळ होतात, आणि तीच बाई पुन्हा मोळी डोक्यावर घेऊन ट्रॅक्टरवर चढते.

रजेची चर्चा करताना खाड्याची आठवण ठेवा. पाळीसाठी गैरहजर राहिल्यावर पैसे कापायचे नाहीत, ही मागणी तिथे सगळ्यात आधी लागू व्हायला हवी.

डबलबेल
गोदाकाठ, माझी मावशी दरवर्षी कारखान्यावर जायची. तुम्ही लिहिलं ते सगळं खरं आहे.

तिसरी_घंटा
आज युनिटमध्ये बायंडिंगच्या टेबलांना उंच स्टुलं आणली. टॉयलेटला नवीन कडी बसवली. झाकणाची कचरापेटी आतच ठेवली, आधी ती बाहेर पॅसेजमध्ये होती. इतकी वर्षं कुणी बोललं नव्हतं, आज विचारल्यावर सातही जणी एकदम बोलल्या.

सह्यकडा
तिसरी_घंटा, टाळ्या!

ओवी
रानजाई, कुठे आहात? मसुद्याचं काय झालं?

रानजाई
आले. तुम्हा सगळ्यांचं वाचून तीनदा बदलला. काल बैठक झाली.

पहिला मुद्दा रिलीव्हरचा, म्हणजे थोडा वेळ आपली जागा सांभाळणाऱ्या बदली कामगाराचा, ठेवला होता. कन्व्हेयरवर जागा सोडायची तर रिलीव्हर यावा लागतो, आणि आमच्याकडे दोन लाइनना मिळून एकच होता. तो आला की सगळ्या लाइनला कळायचं कोण कुठे चाललंय. आता प्रत्येक लाइनला एक आणि तासातासाला तो आपणहून फिरेल, बोलवावं लागणार नाही. हे मान्य झालं आणि मला याचा सगळ्यात जास्त आनंद झाला. प्लांट हेडना स्टेथोंचा प्रोस्टाग्लँडिनचा परिच्छेद वाचून दाखवला. कुणी हसलं नाही, दोघांनी लिहून घेतला. सकाळच्या शिफ्टचा पहिला चहा आता अर्धा तास उशिरा येईल, कँटीनमध्ये गरम पाणी दिवसभर राहील. फर्नेसजवळच्या ताईंना इन्स्पेक्शनच्या टेबलावर घेतलं, पगार तोच. तिथे पंखा आहे.

स्वतंत्र टॉयलेटची तरतूद १९४८ च्या फॅक्टरी अॅक्टपासून आहे हे मी सांगितलं, तर ‘आपल्याकडे आहेच की’ असं उत्तर आलं. आहेच, पण शॉपच्या दुसऱ्या टोकाला. मी लाइनपासून तिथपर्यंत चालून वेळ लावला आणि तो कागदावर लिहिला होता. जवळ नवीन बांधायचं पुढच्या बजेटवर गेलंय. पाठपुरावा सोडणार नाही.

रजा ‘आरोग्य रजा’ या नावाने, कारण न लिहिता, साठवता येईल अशी मागितली. ती मुख्य कार्यालयाकडे पाठवली आहे. कंत्राटी बायकांनाही लागू करा म्हटलं, तिथे सगळे गप्प झाले. लाइनवरच्या निम्म्याहून जास्त बायका कंत्राटी आहेत. त्यांचा खाडा आमच्याकडेही पडतोच, गोदाकाठ.

गोदाकाठ
कंत्राटदाराशी कंपनीचा जो करार असतो त्याच्या नूतनीकरणाची तारीख शोधा. त्याआधी ही अट त्यात घालायला लावा. नंतर कुणी ऐकत नाही.

रानजाई
मार्चमध्ये आहे. चांगलं सुचवलंत, उद्याच एचआरशी बोलते.

जुनी_शाळा
मसुदा मला मिळेल का? केंद्रप्रमुखांना दाखवायचाय.

डबलबेल
मलाही पाठवा, ताई. डेपोत आम्ही नऊ जणी आहोत, सह्या करून देतो.

रानजाई
कंपनीचं नाव काढून दोघींना संदेशातून पाठवलाय. डबलबेल, तुमच्यासाठी टॉयलेटच्या किल्लीचा मुद्दा सगळ्यात वर घेतलाय.